रात्रीचा परवाना कोणी द्यायचा?

इंग्लंडमध्ये कुणाला नवा पब काढायचा असेल, किंवा चालू पबची वेळ रात्री अकरावरून दोनपर्यंत वाढवून हवी असेल, तर त्याला आधी एक कागद दाराबाहेर लावावा लागतो. कागद फिक्या निळ्या रंगाचा हवा, ए-फोरपेक्षा लहान नको, छपाई काळ्या शाईत हवी आणि अक्षर १६ पॉइंटांहून बारीक नको. सलग २८ दिवस तो रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा लावलेला राहायला हवा. त्यावर लिहिलेलं असतं की अमुक जागेत दारू, संगीत, नाच अमुक वाजेपर्यंत चालवण्याची परवानगी मागितली आहे, अर्ज कौन्सिलच्या कचेरीत पाहता येईल, आणि हरकत किंवा पाठिंबा कळवायचा असेल तर या तारखेच्या आत कळवा. स्थानिक वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी लागते.

हे सगळे तपशील नियमांत लिहिलेले आहेत. कागदाच्या रंगापर्यंत कायदा उतरला आहे, कारण शेजाऱ्याला वेळेवर कळणं हाच या व्यवस्थेचा पाया आहे. आपल्या घराखाली रात्री दोनपर्यंत काय चालणार आहे, हे पाटी चढल्यावर कळून काही उपयोग नसतो.

या पद्धतीबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. मुंबई-पुण्यात ‘नाइट लाइफ’वर वाद होतो तेव्हा तो नेहमी घड्याळावर होतो. दीड वाजता बंद करायचं की रात्रभर चालू ठेवायचं, एवढ्यावर दोन तट पडतात. एका बाजूला संस्कृती, दुसऱ्या बाजूला रोजगार आणि पर्यटन. परवाना कोण देतं, कुणाला विचारून देतं आणि दिल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि इंग्लंडने त्याचं दिलेलं उत्तर अपुरं असलं तरी शिकण्यासारखं आहे.

मद्यविक्रीचे परवाने तिथे शतकानुशतकं न्यायदंडाधिकारी देत आले. १५५२ साली एडवर्ड सहाव्याच्या काळात गुत्त्यांवर नियंत्रणाचा कायदा झाला, आणि हा अधिकार गावोगावच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’कडे गेला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले मजूर शुद्धीत कामावर यावेत म्हणून पबच्या वेळा कापल्या गेल्या. युद्ध संपलं, पण वेळेवरचे निर्बंध पुढची कित्येक दशकं कुठल्या ना कुठल्या रूपात राहिले. रविवार सोडून इतर दिवशी दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती तर १९८८ मध्ये सुटली. मग २००३ चा परवाना कायदा आला आणि २४ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. दारू, संगीत, नाच, रात्री उशिराचं गरम खाणं, यांचे वेगवेगळे परवाने एकत्र आले, ठरावीक बंद होण्याची वेळ गेली, आणि सगळा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलकडे आला.

तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘चोवीस तास दारू’ म्हणून रान उठवलं. प्रत्यक्षात रात्रभर दारू विकण्याची मुभा घेतलेल्यांमध्ये मोठा वाटा हॉटेलांचा आणि सुपरमार्केटांचा निघाला. गल्लीतला साधा पब अकरा-बारालाच मिटत राहिला. त्या आरडाओरड्यात अधिकार कुठून कुठे गेला हा खरा बदल मागे पडला.

कायद्याने कौन्सिलला चारच निकष दिले आहेत: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. अर्जाला हरकत घ्यायची तर ती या चारांपैकी एकावर बसली पाहिजे. ‘आमच्या भागात असले लोक नकोत’ ही हरकत होत नाही. ‘दारू वाईट’ हीही होत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हा पाचवा निकष आहे, इंग्लंडमध्ये तो नाही. याबद्दल तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत आणि ती रास्त आहे असं मला वाटतं. हरकतच आली नाही तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो, नाकारण्याची सोय नाही. हरकत आली आणि आपसांत मिटली नाही, तर तीन नगरसेवकांची उपसमिती बसते. अर्जदार बोलतो, पोलीस बोलतात, पर्यावरण-आरोग्य विभागाचा अधिकारी बोलतो, आणि वरच्या मजल्यावर राहणारी बाईही बोलते. निर्णय कारणांसह लेखी येतो. तो पटला नाही तर २१ दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

या सुनावण्यांमधून बाहेर पडणाऱ्या अटी वाचल्या की ही व्यवस्था कशी चालते ते समजतं. रात्री अकरानंतर मागचं दार बंद ठेवायचं. रिकाम्या बाटल्या रात्री अकरा ते सकाळी आठ या वेळात बाहेरच्या पिंपात ओतायच्या नाहीत. संगीताच्या यंत्रणेवर आवाजाची मर्यादा बसवायची आणि ती पेटी कुलपात ठेवायची. दारावर परवानाधारक बाउन्सर किती, ते आकड्यात लिहायचं. सिगारेटसाठी एका वेळी बाहेर किती जण उभे राहतील, दोरी कुठपर्यंत बांधायची, टॅक्सी कुठे थांबेल. पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा पुरावा मागायचा. व्यवस्थापकाचा फोन नंबर शेजाऱ्यांना द्यायचा आणि तो रात्री उचलला गेला पाहिजे.

काचेच्या बाटल्या लोखंडी पिंपात ओतल्याचा आवाज रात्री दीड वाजता ज्याने ऐकला आहे, त्याला ती एक अट लाखमोलाची वाटेल. पबवाल्याला ती पाळायला जवळपास काहीच खर्च नाही. हे काम त्याला सकाळी करायचं आहे, एवढंच. अशी अट मंत्रालयात बसून सुचत नाही, पोलीस ठाण्यातही सुचत नाही. ती सुचते वरच्या खिडकीत झोपणाऱ्याला. त्याला बोलायला जागा मिळाली, तरच ती कागदावर येते.

लंडनच्या सोहो भागात बर्विक स्ट्रीटवर ‘एन्ड्युरन्स’ नावाचा पब होता. संध्याकाळी गिऱ्हाईक ग्लास घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, गर्दी वाढायची आणि वरच्या सदनिकांमध्ये राहणाऱ्यांना गोंगाट असह्य व्हायचा. रहिवाशांच्या तक्रारींवरून परवान्याच्या फेरविचाराची मागणी झाली, तशी तरतूद कायद्यात आहे. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पब बंद केला नाही. संध्याकाळी सहानंतर उघडे ग्लास घेऊन बाहेर जाता येणार नाही, एवढी अट घातली. मालक अपिलात गेला, तिथे हरला, उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी २०११ मध्ये प्रकरण अपील न्यायालयापर्यंत पोचलं. अट टिकली. त्या निकालात न्यायमूर्ती टूलसन यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. परवान्याचा निर्णय म्हणजे खऱ्या-खोट्याचा निवाडा नव्हे. लोकांना अशा जागेची गरज किती, मालकाचा आणि परिसराचा आर्थिक फायदा किती, आणि शेजारी राहणाऱ्यांना, काम करणाऱ्यांना त्रास किती, हे सगळं तोलून पाहण्याचं ते काम आहे. आणि ते त्या भागाला जबाबदार असलेल्या निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवलं आहे, म्हणून वरच्या न्यायपीठाने त्यांची कारणं गांभीर्याने वाचली पाहिजेत.

फेरविचाराची ही तरतूद मला मूळ परवान्याहून मोलाची वाटते. जागा बदलते, वस्ती बदलते, कायदेही बदलतात. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान बंद झालं आणि एका दिवसात देशभरातली पबची गर्दी दाराबाहेर फुटपाथवर आली. त्याच्या दीड-दोन वर्षं आधी लिहिलेल्या अटींत बाहेर उभ्या राहणाऱ्यांचा विचारच नव्हता. अशा वेळी कुणीही रहिवासी, पोलीस किंवा अग्निशमन विभाग परवाना पुन्हा समितीसमोर आणू शकतो. दिला आणि विसरला, असं होत नाही.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

स्थानिक मंडळाकडे अधिकार आला की भीतीही स्थानिक होते, आणि भीतीला पुरावा लागत नाही असं मानण्याकडे कल होतो. इंग्लंडमधल्या ‘विरल’ नावाच्या भागातल्या एका हॉटेलने वेळ वाढवून मागितली. शेजाऱ्यांनी दंगा होईल म्हणून हरकत घेतली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी अपिलात वेळ कमी केली. वाढीव वेळेत ती जागा आधीच काही काळ चालू होती आणि त्या काळात गडबड झाल्याचा पुरावा समोर नव्हता. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. काय होईल याची नुसती शंका पुरत नाही, आधार दाखवावा लागतो, हे त्या निकालाने बजावलं.

भीतीचं याहून कुरूप रूप लंडनच्या पोलिसांच्या ‘फॉर्म ६९६’मध्ये होतं. २००५ पासून कार्यक्रमाच्या आयोजकांकडून हा धोक्याचा तक्ता भरून घेतला जाई. त्यात संगीताचा प्रकार कोणता आणि येणारा श्रोतृवर्ग कोणत्या वंशाचा, हेही विचारलेलं असे. वंशाचा प्रश्न २००९ मध्ये काढला, पण संगीताच्या प्रकारावरून अंदाज बांधणं चालूच राहिलं. लंडनच्या कृष्णवर्णीय मुलांनी उभ्या केलेल्या ‘ग्राइम’ संगीताचे कार्यक्रम त्यामुळे एकामागून एक रद्द होत गेले. पब-क्लबचे मालकही परवान्यावर बालंट नको म्हणून आधीच नाही म्हणू लागले. हा फॉर्म नोव्हेंबर २०१७ मध्ये मोडीत निघाला. बारा वर्षं एका पिढीला आपल्याच शहरात आपलं संगीत वाजवायला जागा मिळणं कठीण झालं, ते एका सरकारी कागदामुळे. परवान्याच्या कागदावर काय विचारावं, याइतकंच काय विचारू नये हेही कायद्यात लिहिलेलं असावं लागतं.

फॅब्रिक क्लबचं प्रकरण तर सगळ्यांनी अभ्यासावं असं आहे. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारासमोर जुन्या शीतगृहाच्या इमारतीत १९९९ साली सुरू झालेला हा क्लब. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे अमली पदार्थांमुळे अठरा वर्षांची दोन मुलं दगावली. पोलिसांनी फेरविचार मागितला. सप्टेंबरमध्ये इझलिंग्टन कौन्सिलच्या उपसमितीची बैठक मध्यरात्र उलटून चालली आणि परवाना रद्द झाला. त्याच्या वर्षभरही आधी नाही, डिसेंबर २०१५ मध्ये, याच क्लबच्या सुरक्षाव्यवस्थेची एका न्यायाधीशांनी वाखाणणी केली होती. परवाना परत मिळावा म्हणून सुमारे दीड लाख लोकांनी सह्या केल्या, देणग्या आल्या. अखेर नोव्हेंबरमध्ये कौन्सिल आणि क्लब यांच्यात समझोता झाला. ३२ नव्या अटी आल्या, आठवड्याअखेरच्या रात्री एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश बंद झाला, दारावर ओळखपत्र तपासणारी यंत्रं बसली, आणि जानेवारी २०१७ मध्ये क्लब उघडला.

दोन मुलं गेली, ही गोष्ट कुठल्याही सह्यांनी हलकी होत नाही. त्या घरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर परवाना रद्द करणाऱ्या नगरसेवकांचा राग समजतो. पण क्लब बंद झाल्याने त्या वयाची मुलं घरी बसत नाहीत. ती कुठल्या तरी गोदामात, परवाना नसलेल्या पार्टीत जातात, जिथे पाण्याची सोय नसते, वैद्यकीय मदतनीस नसतो आणि दारावर झडती घेणारंही कुणी नसतं. त्या ३२ अटींनी शहराला जे दिलं, ते कुलपाने दिलं नसतं. सप्टेंबरच्या त्या रात्रीच समिती अटींपर्यंत पोचली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

अजून एक गोष्ट मला या पद्धतीत खटकते. समितीसमोर येतो कोण? दिवसा जागा असलेला, त्या वॉर्डात मत असलेला, बहुधा स्वतःचं घर असलेला रहिवासी. रात्री जगणारे तिथे नसतात. लंडनमध्ये संध्याकाळी आणि रात्री काम करणाऱ्यांची संख्या महापौर कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालात सुमारे १६ लाख दिली होती. त्यांत परिचारिका आल्या, सफाई कामगार आले, तसेच बारमागचे, स्वयंपाकघरातले, वाद्यं उचलणारेही आले. ते दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत राहतात, त्यांचं मत तिथे. नाचायला येणारी मुलं शहराच्या चारही टोकांहून येतात. त्यांची बाजू वॉर्डाच्या नगरसेवकापुढे कोण मांडणार? २०१८ मध्ये हॅक्नी कौन्सिलने नव्या परवान्यांसाठी साधारण वेळ आठवड्यात रात्री अकरा आणि शुक्रवार-शनिवारी मध्यरात्र अशी ठरवली, तेव्हा सल्लामसलतीत विरोध करणारेच जास्त होते. तरी धोरण मंजूर झालं.

आणि बऱ्याचदा तक्रार करणारा नंतर आलेला असतो. जुना क्लब, त्याभोवती स्वस्त जागा, म्हणून तिथे कलावंत येतात, त्यांच्यामुळे भाग गजबजतो, मग बिल्डर येतो आणि नव्या सदनिकेत राहायला आलेला माणूस पहिल्याच महिन्यात आवाजाची तक्रार करतो. एलिफंट अँड कासल भागातल्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ या क्लबने समोर होऊ घातलेल्या टॉवरबाबत हा लढा दिला, आणि बिल्डरशी कायदेशीर करार करून आपला आवाज राखला. पुढे २०१८ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात तत्त्व आलं की जो नंतर येऊन परिस्थिती बदलतो, आवाज अडवण्याचा खर्च त्याने करायचा. हे तत्त्व न्याय्य आहे. पण ते बांधकाम परवानगीच्या खात्यात बसलं आणि दारू-संगीताचा परवाना वेगळ्या समितीकडे राहिला. एका खात्याने खिडक्यांना जाड काच लावायची सक्ती केली नाही म्हणून दुसऱ्या खात्याने गिटार बंद करायची, असे प्रकार होतात.

२०१७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निवड समितीने या कायद्याचा आढावा घेतला आणि परवाना समित्यांवर कडक ताशेरे ओढले. सदस्यांना पुरेसं प्रशिक्षण नाही, निर्णयांत सुसंगती नाही, म्हणून हे काम नियोजन समित्यांकडे द्यावं, अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. शुल्काचा प्रश्न तर लाजिरवाणा आहे. जागेच्या करमूल्यानुसार १०० पौंडांपासून १,९०५ पौंडांपर्यंत अर्जाची फी २००५ मध्ये ठरली आणि अजून तीच आहे. तपासणीचा खर्च त्यातून निघत नाही, मग तपासणी होत नाही, आणि कागदावरच्या अटी कागदावर राहतात. २०२५ मध्ये सरकारने वेगळी दिशा धरली. कौन्सिल अडवतात म्हणून लंडनच्या महापौरांना महत्त्वाच्या परवान्यांत हस्तक्षेपाचा अधिकार देऊन पाहावा, असा प्रस्ताव पुढे आला. उद्योगाची अडचण मी समजू शकतो. पण बर्विक स्ट्रीटवरच्या खिडकीपासून निर्णय जितका लांब जाईल, तितकी बाटल्यांच्या पिंपाची अट लिहिणारं कुणी राहणार नाही.

इथपर्यंत आल्यावर आपल्याकडे पाहणं भाग आहे.

मुंबईत मद्य देणारी आणि संगीत वाजवणारी जागा काढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, कार्यक्रमासाठी पोलिसांचा परवाना, अन्न सुरक्षेची नोंदणी, संगीताच्या हक्कांचे वेगळे परवाने. खिडक्या इंग्लंडहून अधिकच आहेत. पण ‘हरकती व सूचना’ मागवून, अर्जदाराला आणि शेजाऱ्याला समोरासमोर बसवून, कारणांसह निर्णय देणारी एक खुली बैठक या साखळीत कुठेही नाही. रस्ता रुंद करायचा, विकास आराखडा बदलायचा तर हरकती मागवतात. रात्री दीडपर्यंत चालणाऱ्या जागेसाठी मात्र नाही. शेजाऱ्याला कळतं ते पाटी लागल्यावर. मग तो पोलिसांना फोन करतो, पोलीस येतात, आवाज अर्धा तास कमी होतो. असं वर्षभर चालतं आणि एक दिवस मोर्चा निघतो.

एक अपवाद आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी दुकानाविरुद्ध कौल दिला की परवाना जातो. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या चिन्हांवर गावोगावच्या बायकांनी हे मतदान लढवलं आहे, गुंडांच्या धमक्या झेलून, घरच्यांचा विरोध पत्करून. ज्या घरातली मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर संपते, तिथल्या बाईला कायद्याने दिलेला हा हक्क म्हणजे तिच्या पोटापाण्याचं रक्षण आहे. इंग्लंडच्या कुठल्याही कौन्सिलमध्ये एवढा थेट अधिकार रहिवाशांना नाही.

मात्र या हक्काला दोनच उत्तरं ठाऊक आहेत. दुकान राहील किंवा जाईल. दुकान शाळा सुटण्याच्या वेळी बंद ठेवा, पुढच्या ओट्यावर बसून पिऊ देऊ नका, दहानंतर दार ओढून घ्या, असं काही या मतपत्रिकेवर लिहिता येत नाही. शहरातल्या पब-बारच्या बाबतीत तर हाच मधला भाग सगळ्यात मोठा आहे, आणि तोच आपल्या कायद्यात रिकामा आहे.

तो रिकामा राहिला म्हणजे काय होतं, ते डान्स बारच्या इतिहासात दिसतं. इंग्लंडमध्ये परवान्याचा नवा कायदा लागू झाला त्याच वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं मात्र वगळली. हा भेदभाव उच्च न्यायालयाला २००६ मध्ये मान्य झाला नाही आणि सर्वोच्च न्यायालयालाही २०१३ मध्ये नाही. मग २०१४ ला नवी दुरुस्ती, २०१६ ला नवा कायदा. या कायद्यातल्या अटी अशा होत्या की त्या पाळून परवाना मिळवणं अशक्य व्हावं: शाळा आणि प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर अंतर, नाच होतो तिथे दारू नाही, आत कॅमेरे. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात शाळा किंवा देऊळ नसेल अशी जागा सापडणार नाही. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने यांतल्या बहुतेक अटी रद्द केल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठेवली. या चौदा वर्षांत नाचून घर चालवणाऱ्या बायकांचं म्हणणं ऐकणारी एकही परवाना सुनावणी झाली नाही. त्यांचा निर्णय विधिमंडळात आणि न्यायालयात होत राहिला. त्यांच्या कामाच्या जागी सुरक्षितता कशी राहील, त्या घरी कशा पोचतील, ठेकेदाराने किती कापायचं, या प्रश्नांवर अटी लिहिता आल्या असत्या.

आणि दुर्घटना. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली, १४ जीव गेले. त्यांतले कित्येक आसरा घेतलेल्या स्वच्छतागृहात गुदमरले. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे हातोडे शहरभर शेकडो बेकायदा बांधकामांवर चालले. ती बांधकामं आदल्या रात्री उगवली नव्हती. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला पबमध्ये दारू मिळाली होती. मग जिल्ह्यात पब आणि बारना सील लागले. त्याच कल्याणीनगरचे रहिवासी पबच्या त्रासाबद्दल आधीपासून ओरडत होते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबच्या आगीत २५ जण गेले. मृतांमध्ये बहुतेक तिथले कर्मचारी होते, पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेले.

गोव्याचं उदाहरण माझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे, ते टाळून चालणार नाही. तिथे व्यवसाय परवाना देणारी संस्था ग्रामपंचायतच असते, म्हणजे अगदी स्थानिक. पंचायतीने ते बांधकाम पाडण्याची नोटीस काढली होती, पण वरच्या कार्यालयाने तिला स्थगिती दिली, असं तेव्हाच्या सरपंचांनी सांगितलं. तरी क्लब चालत राहिला आणि तो चालतो आहे हे गावात सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा अधिकार जवळ आणला की काम झालं, असं मी म्हणत नाही. अधिकार जवळ हवा, तो उघड्यावर वापरला जायला हवा, आणि वर कुणी त्याला अडवलं तर तेही कारणं लिहून, लोकांसमोर अडवायला हवं. या तीन गोष्टींपैकी एक निसटली की बाकीच्या दोन निकामी होतात.

‘आमच्या नगरसेवकांच्या हाती परवाने दिले तर हप्ते वाढतील,’ हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. हप्ते आज नाहीत असं हे म्हणणारेही म्हणत नाहीत. बंद दाराआडच्या सहीला किंमत मिळते, कारण ती का केली हे कुणाला सांगावं लागत नाही. तीन वेगवेगळ्या पक्षांचे नगरसेवक, शेजारी आणि वार्ताहर समोर, आणि निर्णयाची प्रत संकेतस्थळावर, अशा बैठकीत पैसे खाणं अशक्य होत नाही, पण अवघड नक्की होतं.

मोठी अडचण वेगळी आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात अशी समिती असती तर तिच्यात बसायला कुणी निवडून आलेलं नव्हतं. म्हणून सुरुवात महापालिकेच्या अधिकारांत फार मोठा बदल न करताही होऊ शकते. रात्री अकरानंतर चालणाऱ्या प्रत्येक जागेसाठी अर्जाची नोटीस दाराबाहेर आणि वॉर्ड कार्यालयाबाहेर महिनाभर लावावी, मराठीत, मोठ्या अक्षरात. वॉर्ड पातळीवर एक दिवस ठरवून उत्पादन शुल्क, पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी एकाच टेबलावर बसून हरकती ऐकाव्यात. रहिवाशांबरोबर त्या जागेत काम करणाऱ्या वेटर, आचारी आणि कलावंतांच्या प्रतिनिधीलाही बोलता यावं, कारण आग लागली की आत तेच असतात. ठरलेल्या अटींची यादी दाराशी लावावी, बाहेर पडायचे दरवाजे किती आणि आत माणसं किती मावतात या आकड्यांसकट. आणि शंभर रहिवाशांनी किंवा तिथल्या कामगारांनी मागणी केली, तर तीच बैठक त्या परवान्यावर पुन्हा बसावी. यातल्या पहिल्या कामाला कायद्यात दुरुस्तीही लागणार नाही. वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर कागद लावायला आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेल.